नदीकाठच्या बागेत सहलीला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेट का बंद होतं, गवत कायम ओलं का असतं, चूल का पेटवू देत नाहीत, मुलांना काठावर का जाऊ देत नाहीत, असे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बऱ्याच प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे. पहिला प्रश्न वगळून पुढे जाऊ नका.

नदीकाठची बाग आणि शहरातली इतर कुठलीही बाग यात फरक तो काय?

जमिनीचा. शहरात एवढी मोकळी जागा नदीकाठीच का उरली, असं स्वतःला विचारून पाहा. ती पूरजमीन असते. नदी फुगली की पाणी तिथे पसरतं, म्हणून तिथे इमारती उभ्या राहत नाहीत आणि म्हणूनच ती जागा बाग होते. दक्षिण कोरियात, सोलमधल्या हान नदीच्या काठची उद्यानं पावसाळ्यात अधूनमधून पाण्याखाली जातात, पाणी उतरलं की साफ करून पुन्हा उघडतात. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात १९५७च्या महापुरानंतर तुरिया नदीचा प्रवाह शहराबाहेरून वळवला आणि तिच्या जुन्या पात्रात लांबलचक बाग झाली. नदी शेजारी आहे तोवर बागेचं वेळापत्रक तीच ठरवते. हे मनाशी पक्कं असलं की तिथले निम्मे नियम आपोआप समजतात.

दिवसातली कोणती वेळ चांगली?

सकाळ. ऊन कोवळं असतं, वारा सहसा कमी असतो, पक्षी दिसतात आणि सावलीतली जागा मिळते. उन्हाळ्यात तर सकाळी लवकर जाऊन अकराच्या आत आटपलेलं बरं. संध्याकाळही छान, पण पाण्याजवळ दिवस मावळताना डास एकदम वाढतात, आणि अंधार पडल्यावर काठ कुठे संपतो ते कळत नाही. दिवे आहेत म्हणून रात्री काठाच्या पायवाटेने फिरायला हरकत नाही, मात्र दिव्यांच्या पलीकडे उतरू नये.

प्रवेशाच्या वेळा, शुल्क, परवानगी यांची माहिती कुठे मिळेल?

बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे आणि फाटकावरच्या फलकावर. दोन्हींत फरक असेल तर फलक खरा माना, कारण नदीची पातळी पाहून वेळा बदलतात आणि तो बदल आधी फाटकावर लागतो. मोठा गट नेणार असाल तर पुढे 'वाढदिवस' हा प्रश्न वाचा.

बसायला जागा कशी निवडावी? पाण्याच्या अगदी जवळ बसायला आवडतं.

आवड समजते, पण पाणी सगळ्यात छान दिसतं ते थोडं वरून. काठापासून मागे आणि उंचावर जागा शोधा. शोधताना आधी झुडपांकडे बघा. फांद्यांत वाळलेलं गवत, काड्या, प्लास्टिकच्या चिंध्या आडव्या अडकलेल्या दिसल्या, तर मागच्या वेळी पाणी तिथवर आलं होतं. ही खूण कुठल्याही फलकापेक्षा खरी असते. सतरंजी त्या रेषेच्या वर टाका.

मग नदीचं वळण बघा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात आपटतं, तिथे खोली जास्त असते आणि काठ खालून पोखरलेला असतो. वरून हिरवळ दिसते, खाली आधार नसतो. अशा कडेवर चार माणसं एकत्र उभी राहिली की काठ ढासळू शकतो. आतल्या बाजूला वाळू साठते, उतार सौम्य दिसतो, म्हणून लोक तिकडे जातात. पण तिथेही दोन पावलांवर एकदम खोल होऊ शकतं.

शेवटी मान वर करून झाड बघा. वाळलेली किंवा तडकलेली फांदी, खोडावर बुरशी, मुळाशी भेगाळलेली माती दिसली तर दुसरं झाड शोधा. मोठ्या जुन्या झाडांच्या फांद्या वारा नसतानाही, कडक उन्हाच्या शांत दुपारी, अचानक मोडतात. सावली पानांच्या बाहेरच्या कडेलाही मिळते, तेव्हा जाड फांदीच्या थेट खाली बसायची गरज नसते.

सोबत काय न्यावं?

सतरंजीखाली घालायला जाड प्लास्टिक, कारण ही जमीन वरून कोरडी वाटली तरी खालून ओल सोडते. घरचं पिण्याचं पाणी, लागेल असं वाटतं त्यापेक्षा जास्त. टोपी, हात धुवायला वेगळी बाटली आणि साबण, मलमपट्टीची छोटी पिशवी, कपड्यांचा एक कोरडा जोड, मागच्या बाजूने बंद असलेली पादत्राणं. कचऱ्यासाठी दोन पिशव्या. आणि पंधरा-वीस मीटर लांबीची मजबूत दोरी. ती बहुतेक वेळा पिशवीतच राहील, पण ती का न्यायची ते 'बुडताना दिसलं तर' या प्रश्नात सांगितलं आहे.

डबा किती वेळ टिकतो?

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेली की ही मुदत एक तासावर येते. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि सहलीतला डबा नेमका त्याच पट्ट्यात असतो. भाताला लोक निरुपद्रवी समजतात, पण शिजवलेल्या भातात काही जंतूंची बीजं जिवंत राहतात. कोमट भात बराच वेळ राहिला की ती विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दुधाचे पदार्थ, अंडी, मांस, कापलेली फळं यांनाही हीच मुदत लावा.

यावर साधा उपाय आहे. गरम ते थर्मासमध्ये कडकडीत गरम न्या, थंड ते बर्फाच्या पेटीत. पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री गोठवल्या की बर्फाचं कामही होतं आणि नंतर प्यायलाही मिळतं. पेयांची पेटी सारखी उघडली जाते, म्हणून ती जेवणाच्या पेटीपासून वेगळी ठेवा.

चूल किंवा बार्बेक्यू पेटवता येतो का?

नेमून दिलेल्या जागी आणि परवानगी असेल तरच. नदीकाठी वारा अडवायला काही नसतं, आणि वाळलेलं गवत, लव्हाळी लगेच पेट घेतात.

परवानगी असेल तेव्हाही मला भीती वाटते ती विझवण्याची. निखाऱ्यांवर वाळू लोटली की आग विझली असं वाटतं. खरं तर वाळूखाली निखारे तासन्‌तास तापलेले राहतात, वरून काहीच दिसत नाही, आणि नंतर आलेलं अनवाणी मूल त्यावर पाय देतं. निखाऱ्यांवर भरपूर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. हाताचा मागचा भाग जवळ नेल्यावर धग लागत नसेल तरच निघा. पाऊस आला म्हणून पेटती शेगडी तंबूत किंवा गाडीत कधीही नेऊ नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद जागेत तो जीव घेतो.

गुडघाभर पाण्यात उतरलं तर काय होतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. पाणी किती खोल आहे हे सगळे विचारतात. ते किती वेगाने वाहतंय हे फार थोडे विचारतात. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. जोरात वाहणारं जेमतेम १५ सेंटिमीटर पाणी उभ्या माणसाचे पाय काढू शकतं. ३० सेंटिमीटर पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते.

त्यात तळाच्या गोट्यांवर शेवाळ असतं. पाय घसरून दोन दगडांत अडकला आणि पाणी पाठीवर आलं, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही डोकं वर काढता येत नाही. पोहता येतं म्हणून नदीत उतरता येतं असं मुळीच नाही. तलावात शिकलेल्याला प्रवाहाची सवय नसते, गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, बुडालेली फांदी किंवा तार दिसत नाही. पाणी फार थंड असेल तर शरीर शिरताच श्वास आपोआप आत ओढला जातो आणि पहिल्याच क्षणी पाणी नाकातोंडात जातं.

तेव्हा पोहण्यासाठी राखलेली जागा आणि हजर जीवरक्षक असतील तरच उतरा. बांधलेल्या पायऱ्यांवर बसून पाय सोडायचे असतील तर पायऱ्या कोरड्या असाव्यात आणि पाणी संथ. हिरवट पायरीवर पाय ठेवू नका. दारू घेतलेल्या माणसाला काठाच्या जवळपासही जाऊ देऊ नका, तो कितीही रागावला तरी.

बंधाऱ्याजवळ पाणी शांत असतं. तिथे उतरलं तर?

नाही. याला अपवाद नाही. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे उलटं फिरतं. त्या फेऱ्यात सापडलेली वस्तू खाली जाते, वर येते, भिंतीकडे ओढली जाते, परत खाली जाते. लाकडाचा ओंडका दिवसेंदिवस तिथेच फिरताना दिसतो, तसा माणूसही फिरतो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने तरंगणंही कमी होतं, लाइफ जॅकेट घालूनही सुटका होईल याची खात्री नसते. वरच्या अंगाचं पाणी आरशासारखं दिसतं आणि होडीतून येणाऱ्याला कठडा शेवटपर्यंत दिसत नाही.

पाऊस नाही, ऊन पडलंय, तरी बाग बंद का?

कारण नदीला तुमच्या डोक्यावरचं आकाश ठाऊक नसतं. पन्नास किलोमीटर वर काल रात्री पडलेला पाऊस आज दुपारी तुमच्यापर्यंत पोचतो. वर धरण असेल तर दारं उघडून विसर्ग वाढवला जातो आणि निरभ्र दिवशीही पातळी भराभर चढते. भोंगा वाजला तर तो सराव आहे का असा विचार करत बसू नका, सामान टाकून उंचावर जा.

भोंगा नसेल तर नदी स्वतः सांगते. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं. पानं, काड्या, फेस वाहत येऊ लागतो. आवाज बदलतो, खळखळ जाऊन घरघर ऐकू येते. मघाशी दिसणारा दगड दिसेनासा होतो. यातलं एक जरी जाणवलं तरी निघायचं. पुराच्या पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावरून गाडी घालू नका. ६० सेंटिमीटर वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं.

लहान मुलांना नेणं सुरक्षित आहे का?

आहे, पण 'आम्ही सगळे लक्ष ठेवतोय' या भरवशावर नाही. सगळे ठेवतात तेव्हा कुणीच ठेवत नसतं. एका मोठ्या माणसाचं नाव घ्या. पंधरा मिनिटं तो फक्त मुलांकडे बघेल, फोन खिशात, गप्पा बंद. मग पाळी बदला, आणि बदलताना तोंडाने म्हणा, 'आता तू.' पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरावर असलं पाहिजे. फुगवलेले दंडपट्टे आणि रबरी रिंगा ही खेळणी आहेत, त्यांना लाइफ जॅकेट समजू नका.

मुलांसाठी नदीकाठी पाण्याशिवायही खूप आहे. चिखलातले पक्ष्यांचे ठसे, पानामागची अंडी, दगड उचलल्यावर पळणारे किडे, वाऱ्यावर भिरभिरत उतरणारी पंखवाली बी. एक भिंग आणि एक वही द्या, दोन तास कुठे गेले कळणार नाही.

कुणी बुडताना दिसलं तर काय करायचं?

आधी ते ओळखता आलं पाहिजे. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, हातही हलवत नाही. श्वास घेणंच जमत नसतं, तर आवाज कुठून येणार? तोंड पाण्याच्या पातळीला खालीवर होतं, डोकं मागे झुकतं, हात बाजूला पाणी दाबत राहतात, शरीर उभं असतं. हे सगळं २० ते ६० सेकंदांत संपू शकतं.

मदतीला हाका मारा, एकाला आपत्कालीन क्रमांकावर फोन करायला सांगा, आणि स्वतः काठावरूनच काम करा. आडवं झोपून काठी, ओढणी, फांदी पुढे करा. अंतर जास्त असेल तर दोरी फेका. दोरीच्या टोकाला थोडी भरलेली, बूच घट्ट लावलेली मोठी बाटली बांधली तर ती लांब जाते आणि तरंगतेही. बाटली प्रवाहाच्या खालच्या अंगाला न फेकता माणसाच्या जरा पलीकडे, वरच्या अंगाला फेका, म्हणजे ती वाहत त्याच्याकडे येईल. पाण्यात उडी मारू नका. वाचवायला गेलेलाच बुडाला असं फार वेळा होतं.

बाहेर काढलेली व्यक्ती श्वास घेत नसेल तर लगेच कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब सुरू करा. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. ती शुद्धीवर आली, बोलू लागली तरी दवाखान्यात न्यायलाच हवं.

विजा चमकू लागल्या तर झाडाखाली थांबावं का?

झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या छपरातही नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहेत. पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर येऊ नका. घाई होते ती याच अर्ध्या तासात.

नदीच्या पाण्याने भांडी किंवा हात धुतले तर चालतील?

नको. शहरातून वाहणाऱ्या नदीत सांडपाणी मिसळण्याची शक्यता कायम असते. पाणी उकळून जंतू मरतात, पण रसायनं जात नाहीत. साबणाचं पाणीही नदीत सोडू नका. पायाला जखम असेल तर चिखलात, साचलेल्या पाण्यात पाय घालू नका. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शिरतात. ताप सहसा एक-दोन आठवड्यांनी येतो, तेव्हा सहल विसरलेली असते. डॉक्टरांना नदीकाठी गेल्याचं आवर्जून सांगा.

कुत्र्याला सोबत नेता येईल?

परवानगी असेल तर पट्ट्यासह. पाण्यावर हिरव्या रंगाचा साय धरल्यासारखा थर दिसला तर त्याला पाण्यापासून लांब ठेवा. निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष कुत्र्यासाठी जीवघेणं असतं आणि तो अंग चाटूनही ते पोटात घेतो. फरसबंदीवर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील.

बदकांना, माशांना पाव टाकला तर पुण्यच ना?

भावना चांगली आहे, पण पावाने पोट भरतं, पोषण होत नाही. उरलेला पाव कुजतो, त्यावर शेवाळ आणि उंदीर वाढतात, पक्षी एका जागी गर्दी करतात आणि आजार पसरतात. नुसतं बघा. थोडं शांत बसलं तर पक्षी आपणहून जवळ येतात.

डास, मधमाश्या, साप यांचं काय?

डासांसाठी पूर्ण बाह्या आणि त्वचेला लावायचं औषध. डेंग्यूचे डास दिवसाही चावतात, तेव्हा फक्त संध्याकाळी लावून भागत नाही. पोळ्याजवळ धूर, दगड, फटाके नकोत. माश्या मागे लागल्या तर तोंड झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारली तर त्या वर घोंघावत वाट बघतात. नांगी लगेच काढा. कशाने काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं.

साप दिसला तर थांबा, मागे सरका, त्याला वाट द्या. चावलाच तर अवयव हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा आणि दवाखाना गाठा. आवळून बांधणं, कापणं, चोखणं यांनी नुकसानच होतं.

झोळी बांधणं, पतंग, ड्रोन, सायकल यांना परवानगी असते का?

झोळीची दोरी बारीक असेल तर साल कापली जाते, आणि झाडाचं अन्न वाहतं ते सालीच्या लगतच्या थरातूनच. किमान पाच सेंटिमीटर रुंद पट्टा आणि जाड खोड हवं. पतंग विजेच्या तारांपासून लांब उडवा, आणि मांजा, मासेमारीची दोरी गोळा करून न्या. पक्ष्यांच्या पायात ती अडकून राहते. घरटी असतात त्या दिवसांत ड्रोन नको, परवानगी असली तरी. सायकलला सामायिक पायवाटेवर घंटा आणि मंद वेग हवा.

आजी-आजोबांना किंवा व्हीलचेअरवरच्या व्यक्तीला नेता येईल?

एकदा आधी स्वतः जाऊन वाट चालून या. उताराचं प्रमाण १ ला १२ पेक्षा तीव्र असेल तर चाकाची खुर्ची ढकलणं जड जातं, म्हणजे एक मीटर चढायला किमान बारा मीटर वाट हवी. बाक किती अंतरावर आहेत, स्वच्छतागृहाचं दार किती रुंद आहे, पाऊस झाल्यावर वाटेवर गाळ राहतो का, एवढं बघा. फलकावरचं चाकाच्या खुर्चीचं चित्र बहुतेकदा फक्त फाटकापुरतं खरं असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

वाढदिवस करायचाय, चाळीस माणसं आहेत. चालेल?

आधी लेखी परवानगी घ्या. फुगे सोडू नका, ते शेवटी नदीत पडतात. स्पीकर नको. चाळीस माणसांना स्वच्छतागृह कुठे आहे आणि पाणी वाढलं तर कुठल्या वाटेने वर यायचं, हे केक कापण्याआधी सांगा. जाताना आणि निघताना डोकी मोजा.

कचरापेटी भरलेली असेल तर शेजारी ठेवला तर चालतो ना?

नाही. रात्रीतून कुत्री-कावळे तो फोडतात आणि पहिल्या पावसात सगळा नदीत. घरी न्या, म्हणून दोन पिशव्या सांगितल्या.

उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं. तेव्हा वाळूत सतरंजी टाकली तर?

वर धरण नसेल, वरच्या भागात पावसाचा अंदाज नसेल आणि फलक मनाई करत नसेल, तर दिवसा थोडा वेळ चालेल. मुक्काम नको. वाळू काढलेले खड्डे टाळा, त्यांच्या कडा ढासळतात.

पूर ओसरून आठवडा झाला. आता जावं का?

फाटक उघडलं असेल तर पायवाटेपुरतं जा. गाळाखाली काच, खिळे, तारा असतात, गवत कुजलेलं असतं, आणि भिजलेल्या मातीत मुळांची पकड सैल झाल्याने झाडं उशिरानेही कोसळतात. जेवणाची सहल गाळ धुऊन नवी पालवी दिसेपर्यंत थांबवा.

उद्याची सहल ठरली आहे आणि आज रात्री वरच्या भागात पाऊस सुरू झालाय. रद्द करू?

काठाजवळची योजना रद्द करा, सहल रद्द करू नका. सकाळी फाटकावर फोन करा. उघडं असेल तर बागेच्या वरच्या टप्प्यावर, बाहेर जाण्याच्या वाटेजवळ बसा आणि दुपारच्या आत निघा. बंद असेल तर डबा तयार आहेच, गच्चीवर सतरंजी टाका.